थार रॉक्स : घरच्यांचा कौल

महिंद्राच्या 2020 च्या थारवर घरच्यांचा मुख्य आक्षेप एकच होता. मागे बसायचं तर पुढची सीट सरकवून, अंग आखडून आत शिरावं लागे. आजी-आजोबांना ते कसं जमणार? 15 ऑगस्ट 2024 रोजी आलेल्या पाच दरवाजांच्या ‘थार रॉक्स’ने हा प्रश्न मुळातच सोडवला. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2450 वरून 2850 मिलिमीटर झालं. त्यामुळे मागे तिघं बसतात आणि सामानालाही नीट जागा मिळते. भारत एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षेसाठी पाच-पाच तारे मिळाले. कुटुंबासाठी गाडी घेताना माझ्या लेखी याहून मोठी गोष्ट नाही.

नाराजी आहे ती सुरुवातीला दिलेल्या पांढऱ्या सीटांवर. चिखल तुडवायला निघालेल्या गाडीत असा रंग द्यायलाच नको होता. पुढे चारही चाकं ओढणाऱ्या ‘फोर बाय फोर’ प्रकारासाठी तपकिरी पर्याय आला, ते बरं झालं. खराब रस्त्यावर गाडी आडवी डुलते, हेही अनेक परीक्षकांनी नोंदवलं आहे. मागचं दार बाजूला उघडतं. गाडी भिंतीला टेकवून लावली की सामान काढणं अवघड.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा : फोर बाय फोर फक्त डिझेलमध्येच मिळते. पेट्रोल रॉक्सची केवळ मागची चाकं ओढतात. पावसाळ्यात शेतवाटेने गावच्या घरी जाणाऱ्यांनी डिझेलची फोर बाय फोरच घ्यावी.