पडद्यावरील अक्षर आणि साठवणीतील अक्षर

संगणकावर सिद्ध केलेला मराठी मजकूर वाचताना आपल्या डोळ्यांपुढे असते ते मजकुराचे दर्शन. प्रत्यक्ष मजकूर नव्हे. साठवणीत अक्षरांचे केवळ संकेतांक असतात. त्यांना आकार देण्याचे काम टंक, म्हणजे फाँट, आणि लेखनप्रणाली ही दोन्ही मिळून करतात. हा भेद तंत्रज्ञांपुरताच आहे असे समजून सोडून देता येत नाही. ग्रामनामे, व्यक्तिनामे अथवा बोलीतील शब्द यांच्या सूची करणाऱ्या अभ्यासकाचे निष्कर्ष पुष्कळदा त्यावरच अवलंबून असतात. म्हणून पडद्यावरील दर्शनाची योजना कशी करावी आणि तिची मर्यादा कोणती, याचा प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे.

उदाहरणादाखल भूम तालुका घेऊ. २०२३ पर्यंत उस्मानाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हा तालुका होय. या तालुक्यातील ग्रामनामांची सूची चारपाच व्यक्तींनी निरनिराळ्या यंत्रांवर टंकलिखित केली आहे, असे समजू. एकाने ‘भूम’ लिहिले, दुसऱ्याने ‘भुम’. एकाने ‘पाथरूड’, दुसऱ्याने ‘पाथरुड’. कोणी ‘ईट’, तर कोणी ‘इट’. पडद्यावर बारीक अक्षरांत ऱ्हस्व-दीर्घ उकारांतील वळणाचा किंवा शिरोरेषेवरील फटकाऱ्याचा भेद नजरेतून सहज निसटतो. यंत्राला मात्र ही नावे भिन्नच असतात; कारण ऱ्हस्व उकाराचा संकेतांक ०९४१, तर दीर्घ उकाराचा ०९४२ आहे.

येथे पहिला उपाय म्हणजे झूम. वर्ड किंवा लिबरऑफिस रायटर यांत ‘व्ह्यू’ या सूचीतून पानाचे दर्शन शेकडा १५० ते २०० पर्यंत मोठे करता येते. त्यामुळे अक्षराचा ठरविलेला आकार बदलत नाही, पाने वाढत नाहीत आणि छपाईतही काही फरक पडत नाही. वाचणे सुलभ व्हावे म्हणून टंकाचा आकारच वाढविण्याची जी पद्धत रूढ आहे, ती मात्र मूळ लेखाची मांडणी बिघडविते. पाहण्याची सोय आणि लेखाची रचना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे इष्ट होय.

दुसरा उपाय अदृश्य चिन्हे दृश्य करण्याचा. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट व ८ या कळी एकत्र दाबल्या असता, तर रायटरमध्ये कंट्रोल व एफ १० दाबल्या असता, शब्दांमधील प्रत्येक मोकळी जागा ठिपक्याने, टॅब बाणाने आणि परिच्छेदाचा शेवट विशिष्ट खुणेने दिसू लागतो. ‘माणकेश्वर’ या नावापुढे चुकून राहिलेली एक मोकळी जागा एरवी दिसत नाही. पण काटेकोर मोजणी करणारी प्रणाली तेवढ्यामुळे एका गावाची दोन गावे करू शकते. या खुणा छापल्या जात नाहीत. त्यामुळे तपासणीच्या वेळी त्या निःशंकपणे चालू ठेवाव्यात.

तथापि काही भेद या उपायांनीही उघड होतीलच असे नाही. ‘माणकेश्वर’ यातील ‘श्व’ अनेक टंकांत उभ्या जोडाक्षराच्या रूपाने उमटतो. तो आडव्या मांडणीत दिसावा म्हणून काही लेखक श आणि व यांच्या मध्ये रुंदी नसलेले एक जोडचिन्ह घालतात. आडव्या वळणाच्या टंकांत दोन्ही लेखने सारखीच दिसतात. शोध मात्र एकाचा लागतो आणि दुसरे निसटण्याचा संभव राहतो. याची साधी परीक्षा अशी : ‘श्व’ मागून पुसत गेल्यास सामान्यतः तीनदा कळ दाबावी लागते, जोडचिन्ह असल्यास चारदा.

हीच गोष्ट मराठीच्या खास ‘ऱ्य’ची. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास, हा अर्थभेद या अर्ध्या र-कारावर उभा आहे. युनिकोडच्या व्यवस्थेत तो दोन रीतींनी लिहिता येतो : ०९३१ या संकेतांकाच्या स्वतंत्र ‘ऱ’ने, किंवा नेहमीच्या ‘र’ला हलन्त चिन्ह व जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोहोंचे रूप एकच असते. वर्डमध्ये एखाद्या चिन्हालगत कर्सर ठेवून ऑल्ट व एक्स या कळी दाबल्यास त्या चिन्हाचा संकेतांक दिसतो व पुन्हा दाबल्यास चिन्ह परत येते. संशयाच्या जागी ही कसोटी उपयोगी पडते.

जुन्या फायलींचा प्रश्न याहून निराळा आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या टंकांत पूर्वी लिहिलेल्या पुष्कळशा मजकुरात देवनागरीचे संकेतांक नसून अन्य लिपीच्या संकेतांकांवर देवनागरी आकार चढविलेले असतात. तो टंक यंत्रावर नसला की अर्थहीन अक्षरे दिसतात. टंक बसविल्याने दर्शन सुधारते, पण शोध सुधारत नाही. त्यासाठी मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून तो मूळ प्रतीशी ताडून पाहणे अवश्य असते.

तात्पर्य, दर्शनाची योजना मजकूर शुद्ध करीत नाही. तो कसा आहे हे पाहण्यास ती साहाय्य करते. सूचीकाराने प्रथम दर्शन मोठे करावे, खुणा चालू कराव्यात, संशयित अक्षरांचे संकेतांक पाहावेत आणि मगच मोजणी करावी. मूळ लेखन एका स्तंभात जसेच्या तसे राखून एकसारखे केलेले रूप शेजारच्या स्तंभात द्यावे. कारण ‘पाथरुड’ हे लेखन कोणा लेखनिकाची चूक असेल किंवा स्थानिक उच्चाराची साक्षही असेल. आणि एखादे गाव शोधात सापडले नाही, एवढ्यावरून ते कागदपत्रांत नाही असा निर्णय कोणीही देऊ नये.