खोल समुद्रांतील गळ : दोन दोरांची सांधणी

कोंकण किनाऱ्यावरील माणसास गळ नवा नाहीं. सुरमईसाठीं गळ टाकणारा आपल्या दोरीच्या टोकास तारेचा एक तुकडा जोडतो. कारण सुरमईचे दांत सुरीसारखे असतात आणि नुसती दोरी ती एका चाव्यांत तोडून नेते. शहरांतील घरीं हा मासा तुकड्यांच्या रूपानेंच येतो. तार आणि दोरी यांची गांठ कशी मारली असेल, हा प्रश्न जेवणाऱ्याच्या मनांत येण्याचें कांहीं कारण नसतें. परंतु मासा सुरमईहून कितीतरी पट जड असला, म्हणजे त्या एका गांठीवर केवळ शिकारच नव्हे, तर नौकेवरील माणसाचा जीवहि अवलंबून राहतो.

असा मासा म्हणजे मार्लिन. हवाई बेटसमूहांतील सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यास कोना म्हणतात. पाठीशीं हुआलालाइ व मौना लोआ हे ज्वालामुखी पर्वत उभे असल्यामुळें व्यापारी वाऱ्यांचा मारा तेथें पोंचत नाहीं. शिवाय किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्राचा तळ एकदम खोल जातो. म्हणून निळा मार्लिन हा महासागरांतील मासा तेथें जमिनीच्या दृष्टिपथांत सांपडतो. १९८२ सालीं याच पाण्यांत १,३७६ पौंडांचा, म्हणजे सुमारें ६२४ किलोंचा मार्लिन काठी व रीळ यांच्या साह्यानें पकडला गेला. तेथील नौका ताशीं सात ते नऊ सागरी मैल या वेगानें चालत असतात, आणि त्यांच्यामागून चार-पांच दोरांच्या टोकांस बांधलेलीं रंगीत बनावट आमिषें फेंस उडवीत ओढलीं जातात. या पद्धतीस ट्रोलिंग असें नांव आहे.

प्रत्येक दोराचे दोन भाग असतात. रिळावर गुंडाळलेला मूळ दोर बारीक. तो बहुधा ८० किंवा १३० पौंडांच्या ताणास टिकेल एवढाच असतो. आमिषालगतचा शेवटचा भाग मात्र चांगला जाड नायलॉनचा असून ३०० ते ५०० पौंडांचा ताण पेलूं शकतो. या शेवटच्या भागास लीडर म्हणतात. येथें कोणीहि विचारील कीं, सबंध दोरच जाड कां घेऊं नये? त्याचें उत्तर असें कीं, मासा एका दमांत शेंकडों वार दोर ओढून नेतो. तितका जाड दोर रिळावर मावणार नाहीं, आणि मावला तरी पाण्यांतून ओढला जातांना त्यास पाण्याचा विरोध अधिक होईल.

बारीक दोर तुटत कसा नाहीं, याचें मर्म रिळांत आहे. रिळास एक रोधक असतो. ताण दोराच्या बळाच्या सुमारें एकतृतीयांशावर गेला कीं रीळ आपोआप फिरूं लागतें व दोर सुटतो. म्हणजे १३० पौंडांच्या दोरावर प्रत्यक्ष ओढ चाळीस-पंचेचाळीस पौंडांचीच ठेवावयाची आणि माशास त्या ओढीविरुद्ध दमवावयाचें. अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या १९५२ सालच्या कादंबरीचा पु. ल. देशपांडे यांनीं केलेला 'एका कोळियाने' हा अनुवाद ज्यांनीं वाचला आहे, त्यांस तो म्हातारा आठवेल. त्याजवळ रीळ नव्हतें. दोर पाठीवरून घेऊन तो हातांनीं सोडीत व धरीत होता. रोधकाचें काम त्याच्या खांद्यानें व तळहातांच्या कातड्यानें केलें.

मग लीडर जाड कशासाठीं? ओढीसाठीं नव्हे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. मार्लिनची भाल्यासारखी चोंच कानशीसारखी खरखरीत असते. ती चोंच, अंगावरील कठीण खवले व शेपटीचे फटकारे यांच्याशीं दोर तासन्तास घासला जातो. बारीक दोर त्या घर्षणापुढें पांच मिनिटेंहि टिकावयाचा नाहीं. जाडी हवी ती घासण्याविरुद्ध, आणि बारीकपणा हवा तो लांबीसाठीं. दोहोंचीं कामें भिन्न, जाडी भिन्न, आणि म्हणूनच त्यांस जोडणें कठीण.

हा खेळ फार जुना नाहीं. १८९८ सालीं चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनीं कॅलिफोर्नियाजवळील कॅटलिना बेटानजीक १८३ पौंडांचा ट्यूना, म्हणजे आपल्याकडील कुप्याच्या जातीचा मासा, काठी व रीळ यांनीं धरला आणि तेथूनच त्याचा बोलबाला झाला. त्या काळीं मूळ दोर जवसाच्या धाग्यांचा असे. ओल्या धाग्याचें बळ तीन पौंड धरीत व धाग्यांच्या संख्येवरून दोराची शक्ति मोजीत. ३९ धाग्यांचा दोर ११७ पौंडांचा. रोज संध्याकाळीं तो वाळवावा लागे, नाहींतर कुजे. लीडर पोलादी तारेचा असे, आणि त्या तारेस एकदां मुरड पडली कीं ती तेथेंच मोडे. नायलॉनची घोषणा १९३८ सालीं झाली. पुढें दोन्ही दोर कृत्रिम धाग्यांचे झाले, पण सांधणीचा प्रश्न तसाच उरला. किंबहुना गुळगुळीत नायलॉनमुळें तो वाढलाच, कारण गांठ निसटूं लागली.

साधी गांठ दोराचें बळ खाते. दोर जेथें एकदम वांकतो तेथें त्याच्या बाहेरच्या अंगावर सारा ताण येतो, आणि दोराचाच एक पदर दुसऱ्यास कापूं लागतो. अगदीं साध्या गांठीनें नायलॉनचें बळ निम्म्यावर येऊं शकतें. तेव्हां १३० पौंडांचा दोर घेऊन ६५ पौंडांचा वापरणें, असा तो व्यवहार होतो. यावर काढलेला तोडगा मोठा चतुर आहे. मूळ दोर लीडरास एकेरी बांधावयाचाच नाहीं. आधीं त्याचें टोक दुहेरी करावयाचें. त्यासाठीं जी गांठ मारतात तिला बहामा बेटांपैकीं बिमिनी या बेटाचें नांव मिळालें आहे. दोर दुमडून त्याचा लांब फांसा करावा, त्यास सुमारें वीस पीळ द्यावे, फांसा ताणून ते पीळ घट्ट दाबावे, आणि मोकळें टोक त्या पिळांवरून उलट दिशेनें मळसूत्राप्रमाणें गुंडाळीत आणून शेवटीं लहान अढ्यांनीं बंद करावें. फांसा लहान असेल तर तो गुडघ्यांत धरून एकट्यास हें साधतें. लांब असेल तर एक माणूस फांसा धरतो व दुसरा पीळ सांभाळतो.

हींत बळ जवळजवळ जात नाहीं. बंदरावर जहाजाचा दोर खुंटास चार-पांच वेढे देऊन एकटा खलाशी कसा धरून ठेवतो, हें पाहिलें असेल त्यास याचें कारण समजेल. प्रत्येक वेढा घर्षणानें ताणाचा कांहीं भाग गिळतो. येथेंहि वीस पिळांत ताण हळूहळू वाटला जातो. एकाच जागीं वांक नसल्यामुळें तुटण्यास ठिकाणच सांपडत नाहीं. पुढची गांठ बळ खाणारी असली तरी तेथें आतां दोन पदर असतात, आणि प्रत्येकावर निम्माच भार पडतो. गांठ आवळण्यापूर्वीं ती थुंकीनें ओली करतात. हा शिष्टाचाराचा भंग खरा, परंतु कोरडी गांठ आवळतांना उत्पन्न होणारी उष्णता नायलॉनास इजा करते.

आतां हा दुहेरी फांसा लीडरास जोडण्याच्या दोन मुख्य रीति आहेत. पहिलींत मध्यें एक फिरकी असते. तिच्या पोटांत लहान गोळ्या असल्यामुळें ती ताण असतांहि फिरते, व आमिष गरगरलें तरी मूळ दोरास पीळ पडत नाहीं. फिरकीस टांचणीसारखा आंकडा असतो. त्यांत लीडरचा धातूच्या नळीनें चिमटून केलेला फांसा अडकवला कीं झालें. आमिष बदलणें क्षणाचें काम. फांसा फिरकीस अशा रीतीनें गुंतवतात कीं दोन पदरांपैकीं एक कापला गेला तरी दुसरा धरून राहावा.

मात्र या सोयीची किंमत शेवटीं द्यावी लागते. फिरकी धातूची असल्यामुळें काठीच्या टोकावरील कडींतून आंत जात नाहीं. ती तेथें येऊन थांबते, आणि मासा लीडरच्या लांबीइतका दूर असतो. आंतरराष्ट्रीय क्रीडा-मत्स्य संस्थेच्या, म्हणजे १९३९ सालीं स्थापन झालेल्या इगफाच्या नियमांप्रमाणें जड दोरांसाठीं लीडर ३० फुटांपर्यंत, दुहेरी दोर ३० फुटांपर्यंत आणि दोन्ही मिळून ४० फुटांपर्यंत असूं शकतो. तेवढें अंतर नौकेवरील मदतनीसानें हातानें ओढून काटावयाचें. तो जाड मोजे घालून लीडरचे वेढे मुठीवर घेतो. रोधक आतां मध्यें नाहीं. एका बाजूस पांच-सहाशे किलोंचा जिवंत मासा, दुसऱ्या बाजूस माणसाचें मनगट. वेढा असा घ्यावा लागतो कीं मूठ उघडतांच तो सुटावा. तो चुकून स्वतःवरच आवळला, तर मासा बुडी मारतांच माणूस कठड्यावरून पाण्यांत जातो. असे मृत्यु घडलेले आहेत.

दुसरी रीति या भयानेंच लोकप्रिय केली असें म्हणावयास हरकत नाहीं. तींत लीडरच्या टोकावर डेक्रॉनचा पोकळ विणलेला दोर चढवतात. घरांतील पोकळ विणीची नाडी डोळ्यांसमोर आणावी. तिच्यांत कांहीं सरकवून नाडी ताणली कीं ती अरुंद होऊन आंतील वस्तूस आवळते. जाड नायलॉन तींत कांहीं फूट सरकवलेला असतो, आणि जितकी ओढ अधिक तितकी पकड अधिक. डेक्रॉनच्या दुसऱ्या टोकास फांसा असतो. तो मूळ दोराच्या दुहेरी फांशांत गुंतवतात. दोन्ही फांसे एकमेकांत हातांत हात दिल्याप्रमाणें सारखे बसले पाहिजेत. एक दुसऱ्याच्या गळ्याभोंवतीं आवळला, तर तो त्यास कापतो. या सांधणींत धातु नाहीं, गांठीचा गोळा नाहीं. ती कड्यांतून सरकत थेट रिळावर येते. फिरकी तिच्या पुढें, आमिषाच्या आंखूड दोरापाशीं जाते. मासा नौकेजवळ येतो तो रिळानेंच, रोधक अखेरपर्यंत चालू ठेवून.

कोण्या रीतीनें गांठ अधिक बळकट होते, यावर नावाडी वाद घालतात. तो वाद गौण आहे. दोन्ही नीट बांधल्या तर मूळ दोराहून बळकटच असतात. शेवटचे तीस फूट कोणीं ओढावयाचे, यंत्रानें कीं माणसाच्या हातानें, हा निवडीचा खरा प्रश्न आहे. जेथें कसलेला मदतनीस नाहीं, तेथें फिरकी कडीशीं आणून थांबविणें हा अविचार होय. कसलेला मदतनीस असेल, तर मात्र फिरकीची साधी रीतच तपासावयास सोपी. पोकळ विणीच्या आंत झालेली झीज डोळ्यांस दिसत नाहीं. शिवाय हल्लीं पुष्कळ ठिकाणीं मार्लिन पकडून खुणेसह पुन्हां सोडून देतात. दोर वरच्या बाजूस तुटला, तर मासा शेंकडों वार दोर अंगाशीं ओढीत फिरतो, आणि असा मासा सोडला असें म्हणतां येत नाहीं.

म्हणून एक मोठा मासा हातीं लागल्यानंतर, सांधणी वरवर कितीहि चांगली दिसली तरी, दुहेरी दोर नखानें चांचपून पाहतात. नखास कोठें किंचित् खरखर लागली, तर सारा फांसा कापून टाकतात, आणि दोन माणसें पुन्हां वीस पीळ मोजीत बसतात.