अंधाऱ्या लेण्यांतील शिलालेखांचे छायाचित्रण : फ्लॅशचा उपयोग व त्याच्या मर्यादा

सह्याद्रीतील लेणी ज्या पाषाणात कोरली आहेत, तो मुळातच काळसर असून पडलेल्या प्रकाशाचा अल्प अंशच परत देतो. शिवाय लेण्यास प्रकाश मिळतो तो बहुधा एकाच, म्हणजे दर्शनी, बाजूने. त्यामुळे आतील स्तंभांवर व भिंतींवर कोरलेले लेख दिवसाही नीट दिसत नाहीत. अशा लेखांच्या वाचनासाठी अभ्यासकास दोन साधने उपलब्ध असतात : कागदावर घेतलेला ठसा आणि छायाचित्र. प्रत्यक्ष लेण्यापर्यंत पुनःपुन्हा जाणे सर्वांना शक्य नसल्याने पुष्कळदा एका छायाचित्रावरच वाचनाचा निर्णय अवलंबून राहतो. यास्तव ते छायाचित्र कोणत्या प्रकाशात घेतले गेले, हा प्रश्न केवळ तांत्रिक नसून संशोधनाच्या प्रामाण्याचा आहे.

अंधारात कृत्रिम प्रकाशाने छायाचित्रे घेण्याचे प्रयत्न जुने आहेत. पॅरिसमधील भूमिगत अस्थिगृहांची छायाचित्रे नादार याने १८६१ च्या सुमारास विद्युत्-घटांवर चालणाऱ्या दिव्यांच्या साहाय्याने घेतली. १८६५ मध्ये पियाझी स्मिथ याने गिझा येथील मोठ्या पिरॅमिडच्या अंतर्भागात मॅग्नेशियम जाळून तोच उद्देश साधला. १८८७ मध्ये मीथे व गेडिके या जर्मन संशोधकांनी क्षणात पेट घेणारी भुकटी तयार केली. परंतु तिच्या धुराने बंदिस्त जागा भरून जाई. पुढे १९३० च्या आसपास काचेच्या फुग्यात बंद केलेले फ्लॅश-दिवे आले आणि त्याच दशकात एजर्टन याने विद्युत्-विसर्जनाने चमकणाऱ्या दिव्याचा विकास केला. आजचा फ्लॅश याच तत्त्वावर चालतो. विद्युत्-धारित्रात साठविलेली ऊर्जा झेनॉन वायूने भरलेल्या नळीतून एकदम सोडली जाते आणि सामान्यतः एक सहस्रांश सेकंद किंवा त्याहूनही कमी काळ टिकणारा, दिवसाच्या प्रकाशाशी वर्णाने मिळताजुळता झोत निर्माण होतो.

या प्रकाशाची पहिली मर्यादा अंतराची होय. लहान दिव्यापासून निघालेला प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होतो. कार्ले येथील चैत्यगृहाचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. त्याची लांबी सुमारे ३८ मीटर, रुंदी सुमारे १४ मीटर. दाराशी उभे राहून कॅमेऱ्यावरील फ्लॅश उडविला, तर ५ मीटरांवरील स्तंभास जितका प्रकाश मिळतो, त्याच्या एकोणपन्नासावा भागच ३५ मीटरांवरील पृष्ठास मिळतो. परिणामी जवळचा स्तंभ पांढराफटक आणि टोकाचा स्तूप काळोखात, असे चित्र हाती येते. फ्लॅशच्या शक्तीचे माप त्याच्या मार्गदर्शक अंकाने दिले जाते. या अंकास मीटरांतील अंतराने भागले असता भिंगाच्या द्वाराचे योग्य माप मिळते. अंक ४० असल्यास १० मीटरांसाठी एफ/४, तर ५ मीटरांसाठी एफ/८. अधिक शक्तीचा दिवा आणल्याने दूरचा भाग उजळेल खरा, परंतु जवळचा आणि दूरचा यांतील विषमता तसूभरही कमी होणार नाही.

ही विषमता टाळण्याचा मार्ग म्हणजे दिवा कॅमेऱ्यापासून वेगळा करणे. कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवून त्याची झडप उघडी ठेवावी आणि स्तंभांच्या आड उभे राहून, दिवा भिंगाला दिसणार नाही अशा बेताने, मंडपाच्या निरनिराळ्या भागांवर एकामागून एक फ्लॅश उडवावेत. एकाच ठिकाणाहून चार वेळा उडविलेल्या फ्लॅशची पोच एका फ्लॅशच्या दुप्पट होते, हेही येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

परंतु शिलालेखाच्या बाबतीत प्रकाशाच्या प्रमाणाहून त्याची दिशा अधिक महत्त्वाची ठरते. कोरलेले अक्षर आणि त्याभोवतीचा पाषाण यांचा रंग पुष्कळदा एकच असतो. अक्षर दिसते ते खाचेत पडणाऱ्या सावलीमुळे. समोरून आलेला प्रकाश ही सावलीच पुसून टाकतो. खाच ३ मिलिमीटर खोल असेल आणि प्रकाश पृष्ठभागाशी ४५ अंशांचा कोन करून आला, तर सावली ३ मिलिमीटर पडते. ३० अंशांस ती सुमारे ५ आणि १५ अंशांस सुमारे ११ मिलिमीटर होते. म्हणून झिजलेल्या उथळ लेखास तिरपा प्रकाश हवा. मात्र खोल लेखास तो फार तिरपा दिल्यास एका रेघेची सावली शेजारच्या रेघेवर पडून घोटाळा होतो.

याहून सूक्ष्म धोका एकाच दिशेच्या प्रकाशात असतो. जुन्या ब्राह्मीतील ‘क’ हे अक्षर उभ्या व आडव्या रेघांच्या छेदाने बनते. प्रकाश डावीकडून किंवा उजवीकडून आला, तर उभ्या रेघेस सावली मिळते. आडवी रेघ प्रकाशाच्याच दिशेत असल्यामुळे फिकी पडते. झिजलेल्या दगडावर ती अजिबात दिसेनाशी झाल्यास केवळ उभी रेघ उरते, आणि जुन्या ब्राह्मीत ‘र’ चे रूप नेमके तेच आहे. ‘आ’ या स्वराचे चिन्हही आखूड आडवी रेघच असल्याने तेही याच रीतीने लुप्त होऊ शकते. कार्ल्याच्या आतील स्तंभांवर धेनुकाकट येथील दात्यांचे लेख आहेत. अशा लेखांत मुख्य आशय व्यक्तिनाम व स्थलनाम यांचाच असतो; तेथे एक अक्षर बदलले की नावच बदलते.

यावर उपाय सोपा आहे. कॅमेरा पृष्ठभागास समांतर ठेवून जागचा हलवू नये आणि दिवा मात्र डावीकडे, उजवीकडे, वर व खाली नेऊन निदान चार छायाचित्रे घ्यावीत. दिवा लेखाच्या फार जवळ आणू नये. लेखाची रुंदी १ मीटर असून दिवा जवळच्या कडेपासून अर्ध्या मीटरवर असेल, तर दोन कडांच्या प्रकाशात सुमारे नऊ पटींचा फरक पडतो. तोच दिवा ३ मीटरांवर नेल्यास हा फरक दुपटीहूनही कमी राहतो. आरंभी फ्लॅशविना एक छायाचित्र घेऊन पाहावे. ते पूर्ण काळे आले, म्हणजे बाहेरच्या प्रकाशाचा व्यत्यय नाही असे समजावे. २००१ मध्ये मॅल्झबेंडर व त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलेली संगणकीय पद्धती हेच तत्त्व पुढे नेते. तीत स्थिर कॅमेऱ्याने, निरनिराळ्या दिशांच्या प्रकाशात घेतलेल्या अनेक छायाचित्रांचा मेळ घालून पुढे पडद्यावर प्रकाशाची दिशा हवी तशी फिरविता येते.

चित्रित भिंतींना मात्र ही रीत लागू करता येत नाही. अजिंठ्याच्या चित्रांवर १९२० ते १९२२ या काळात इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा लेप दिला होता; अशा लेपयुक्त पृष्ठभागावर समोरच्या फ्लॅशची चकाकी उमटून रंग झाकले जातात. तेथील चित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅश वापरण्यास मनाईही आहे. अशा ठिकाणी तिवई, मंद स्थिर प्रकाश आणि दीर्घ प्रकाशनकाल हाच मार्ग होय. संरक्षित स्मारकांत तिवई व दिवे नेण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याची परवानगी घेणेही आवश्यक आहे.

छायाचित्र हे ठशाची जागा घेत नाही. दोहोंची एकमेकांशी पडताळणी व्हावयास हवी. तथापि प्रत्येक छायाचित्रासोबत मोजपट्टी आणि प्रकाशाच्या दिशेची नोंद दिली गेली, तर वाचकास संशयित अक्षराचा निर्णय स्वतः तपासता येईल. ज्या छायाचित्राबरोबर ही नोंद नाही, त्यावर आधारलेले वाचन तात्पुरते मानणेच इष्ट होय.