एक ट्रक, वीस अनोळखी माणसं

गाडी: मालवाहू चासीवर बांधलेला प्रवासी ट्रक. आत तंबू, पाण्याची टाकी, शेगडी, सगळ्यांचं सामान. सोबतीला चालक आणि गटप्रमुख. नैरोबी ते केपटाउन हा लोकप्रिय मार्ग. पूर्ण फेरीला साधारण आठ आठवडे.

कामाच्या पाळ्या: तीन-चार जणांची तुकडी आळीपाळीने बाजारहाट आणि स्वयंपाक करते. भांडी, झाडलोट, तंबू हेही प्रवाशांकडेच. खटके बहुधा इथेच उडतात: एखाद्याची कामचुकारी, रोजचा उशीर, खिडकीची जागा. त्यामुळे काही गाड्यांत जागा बदलत्या ठेवतात.

किटी: जेवण आणि मुक्कामासाठीचा सामाईक निधी. हिशेब उघडा असला की कुरबुरी कमी होतात.

टकमनचे टप्पे: अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गट घडण्याचे चार टप्पे मांडले: ओळख, संघर्ष, घडी बसणं, एकदिलाने काम. पाचवा टप्पा, म्हणजे पांगापांग, १९७७ मध्ये मेरी अ‍ॅन जेन्सन यांच्यासह जोडला. लांबच्या सफरीत अधल्यामधल्या शहरांत जुने उतरतात, नवे चढतात; तिथे ओळखीपासून पुन्हा सुरुवात.

सीमेवरची रखडपट्टी: झांबिया-बोट्स्वाना सीमेवर ट्रक तराफ्यावरून झांबेझी ओलांडत. रांगेत दिवस जात, आणि संयमाची खरी परीक्षा तिथे होई. २०२१ मध्ये ९२३ मीटर लांबीचा कझुंगुला पूल खुला झाला.

आद्य प्रवास: १९२४ ते १९२६, केपटाउन ते कैरो, दोन क्रॉसली ट्रक, सुमारे सोळा महिने. मेजर कोर्ट ट्रीट यांच्या पथकात पत्नी स्टेला आणि तिचा भाऊही होता.