परदेशात इंग्रजी शिकवण्याची पहिली नोकरी : पैसे भरण्याआधी वाचावे



ऊस नोंदणीसाठी आम्ही गावोगाव फिरतो तेव्हा बेणे, खत आणि पाण्याची पाळी यांच्या जोडीला अलीकडे एक नवाच प्रश्न कानावर येतो. "साहेब, पोरगी इंग्रजी घेऊन एम.ए. झाली, बी.एड. झालं. हितं जागा निघंना. एजंट म्हणतो थायलंडात मास्तरीण करतो, साडेतीन लाख भरा. उसाच्या बिलावर उचल मिळंल का?" माणसे निराळी, पण प्रश्न तोच. उचल ही पुढच्या पिकावर काढलेली असते, आणि ती बुडाली तर खोडव्याला खत घालायला पैसा राहत नाही. तेव्हा हा विषय शेतकी खात्याच्या पानावर आला, यात वावगे काही नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ही नोकरी म्हणजे निव्वळ थाप नव्हे. आशियातल्या कितीतरी देशांत शाळा आणि शिकवणी वर्ग परदेशी माणसाला इंग्रजी शिकवायला ठेवतात. मात्र आपल्या पासपोर्टावर कोणते दार उघडते आणि कोणते उघडत नाही, हे एजंट सांगत नाही. ते आपणच पाहिले पाहिजे.

कोणते दार आपल्यासाठी

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा नेहमीचा व्हिसा सातच देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या भारत-कोरिया करारात आपल्याकडील पात्र शिक्षकांना सरकारी शाळांत सहाय्यक म्हणून वाट ठेवली आहे. पण खासगी क्लासची नोकरी लावतो असे कोणी भारतीय पासपोर्टावर सांगू लागला, तर तिथेच हात जोडावेत. जपानात ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही, त्याच्याकडे खासगी संस्थेतील नोकरीच्या व्हिसासाठी साधारणपणे बारा वर्षे इंग्रजी माध्यमातून शिकल्याचा पुरावा मागतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या पोरांची अडचण इथे होते.

थायलंडचे तसे नाही. तिथे जाहिरातींत "फक्त इंग्रजी मातृभाषा असणारे" असे पुष्कळदा छापलेले असते, आणि त्यांचा पगारही जास्त असतो, हे खरे आहे. मन खट्टू होते. पण पदवी असलेल्या इतर देशांच्या शिक्षकांनाही तिथे रीतसर काम मिळते. त्यांच्याकडून इंग्रजीचा दाखला मागतात. टोइक नावाच्या परीक्षेत ९९० पैकी ६०० गुण हे माप तिथे सर्रास चालते. या परीक्षेत ऐकण्याचे १०० आणि वाचण्याचे १०० प्रश्न असतात, वेळ दोन तासांचा. आपल्या मुलांचे वाचन बरे असते, मार बसतो तो ऐकण्यात. तेव्हा रोज अर्धा तास इंग्रजी बातम्या ऐकाव्यात. दोन-तीन महिन्यांत कान तयार होतो.

हंगामही ध्यानात ठेवावा. थायलंडचे शालेय वर्ष मेच्या मध्याला सुरू होते आणि दुसरे सत्र साधारण नोव्हेंबरात. शाळा शिक्षक शोधतात ते मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरच्या आसपास. आडसाली लागणीची वेळ चुकवून जानेवारीत बेणे शोधत बसल्यासारखे करू नये.

नवख्याकडे दाखवायला काय असते

"अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही," हे रडगाणे सगळीकडचेच. त्यातून वाट निघते ती प्रत्यक्ष शिकवण्याने. मोबाईलवर घरबसल्या मिळणारी १२० तासांची सर्टिफिकेटे ढिगाने आहेत. त्यांचा कागद होतो, पण त्यातल्या बहुतेकांत एकही धडा वर्गासमोर घ्यावा लागत नाही. केंब्रिजच्या सेल्टा अभ्यासक्रमात किंवा ट्रिनिटीच्या तशाच अभ्यासक्रमात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर ६ तास शिकवावे लागते आणि परीक्षक मागे बसून पाहतो. म्हणून त्यांची किंमत निराळी. त्यांची फी मात्र जड असते. ती झेपत नसेल तर गावच्या शाळेत वर्षभर शिकवावे, मुख्याध्यापकांचा सही-शिक्क्याचा अनुभव दाखला घ्यावा. बी.एड. असेल तर त्याची मार्कलिस्ट आणि सराव पाठांची नोंद जपून ठेवावी.

मुलाखत बहुधा व्हिडिओवर होते आणि दहा-पंधरा मिनिटांचा धडा घेऊन दाखवा म्हणतात. इथे आपल्या मुलांनी न्यूनगंड धरू नये. इंग्रजी आपण शिकून मिळवलेली आहे, त्यामुळे शिकणारा कुठे अडखळतो हे आपल्याला ठाऊक असते. मराठीत "द" आणि "अ" ही उपपदे नाहीत, थाई भाषेतही नाहीत. थाईत काळ बदलला तरी क्रियापदाचे रूप बदलत नाही, म्हणून तिथली मुले "काल मी जातो" अशा धर्तीचे इंग्रजी बोलतात. शब्दाच्या शेवटचा "ल" त्यांच्या तोंडी "न" होतो, त्यामुळे "स्कूल"चे "स्कून" ऐकू येते. एवढी एकच गोष्ट घेऊन चित्रे, टाळ्या आणि जोडीने बोलणे असा धडा बसवावा. आपण कमी बोलावे, पोरांना जास्त बोलायला लावावे. व्याकरणाचे व्याख्यान झोडले की समोरचा जांभई देतो.

तिथे सकाळी ८ वाजता झेंड्यापुढे राष्ट्रगीत होते, शिक्षकही रांगेत उभे असतात. हात जोडून नमस्कार करण्याची रीत आपल्यासारखीच आहे. मुलाच्या डोक्याला हात लावणे मात्र अपमानाचे समजतात. आपल्याकडे मायेने टपली मारतो, तशी तिथे मारू नये.

कागद आधी, विमान मागून

काम करायचे तर थायलंडचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो. नेमणूक देणारी शाळा त्यासाठी पत्र आणि आपली कागदपत्रे पाठवते. त्यावर अर्ज होतो, सुरुवातीला ९० दिवस मिळतात, आणि तिथे गेल्यावर शाळा वर्क परमिट, वर्षाची मुदतवाढ आणि शिक्षक परिषदेची शिकवण्याची परवानगी काढून देते. २०२३ च्या नोव्हेंबरात थायलंडने भारतीयांना व्हिसाविना येण्याची सवलत दिली, ती पर्यटनासाठी. "आत्ता असंच जा, तिथं गेल्यावर करू" म्हणणारा माणूस तुमच्या लेकराला बेकायदा कामाला जुंपतो आहे असे समजावे. पकडले गेले तर दंड आणि परत पाठवणी त्या पोराच्या नशिबी येते. एजंट इथेच असतो.

घरून निघण्याआधी पदवीची प्रत, मार्कलिस्ट, पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळणारा पोलीस दाखला आणि शाळेचा करार हातात हवा. पदवीची पडताळणी विद्यापीठ, मग राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय अशा पायऱ्यांनी होते, तिला वेळ लागतो. करारावरचे शाळेचे नाव आणि व्हिसाच्या कागदावरचे नाव एकच आहे का, हे अक्षर लावून पाहावे. आठवड्याला तास किती, सुटीत पगार आहे की नाही, करार १० महिन्यांचा की १२ चा, व्हिसाचा खर्च कोणाचा, हे चार प्रश्न विचारायला लाजू नये.

आता पैशाचे

१९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेल्या एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. १८ टक्क्यांनी हिशेब केला तर ३५,४०० होतात. साडेतीन लाख कुठून आले, हे ज्याचे त्याने विचारावे. एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाच मिनिटांत तपासता येतो.

ही नुसती पैशाची बाब नाही. थायलंडात नोकरी म्हणून नेलेल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये डांबून ऑनलाईन फसवणुकीच्या कामाला लावतात, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला होता. मार्च २०२५ मध्ये अशा ५०० हून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. ती पोरेही कोणाच्या तरी उचलीवर, कोणाच्या तरी दागिन्यांवर गेलेली होती.

पोरांना परदेशी पाठवू नका, असे आमचे म्हणणे नाही. शिकलेली मुलगी स्वतःच्या हिमतीवर चार मुलखांचा अनुभव घेऊन आली तर गावाचे भलेच आहे. पण पहिली नोकरी विकत घेऊ नका. शाळेचे पत्र हातात आल्याशिवाय विसार म्हणून एक रुपयाही देऊ नका.

करार इंग्रजीत आहे म्हणून कळला नाही, असे होऊ देऊ नये. गट कार्यालयात आमची फेरी असते त्या दिवशी कागद घेऊन यावे, बरोबर मुलाला किंवा मुलीला आणावे. शेजारी बसून ओळ न् ओळ वाचू. उचलीचा अर्ज त्यानंतर लिहिता येईल.

आपला,
ऊस विकास अधिकारी