भाजणं वेगळं, रापणं वेगळं

कर्कवृत्त जबलपूरच्या उत्तरेला जेमतेम तीसेक किलोमीटरवरून जातं. त्यामुळे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या सुरुवातीला, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सूर्य इथे अगदी डोक्यावर असतो. अशाच एका दुपारी मावशीबरोबर कमानिया गेटपाशी उभी होते. १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून बांधलेल्या त्या कमानीची सावली तिच्याच पायांशी गोळा झाली होती. स्कूटीवरच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून ओढणीत तोंड गुंडाळून चालल्या होत्या. घट्ट विणीची सुती ओढणी हेही उत्तम सनस्क्रीनच. फक्त तिच्यावर आकडा छापलेला नसतो.

मावशीच्या गालांवर वांग आलेत. त्यासाठी दुकानात शिरलो, तर दुकानदाराने ‘एसपीएफ ५०’ची ट्यूब पुढे केली. मावशी म्हणाली, “अगं, मी उन्हात जातेच कुठे? दिवसभर खिडकीशी शिवत बसलेली असते.”

खरी मेख त्या खिडकीत आहे. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबी किरणांनी त्वचा लाल होऊन भाजण्याबद्दल सांगतो. तो रूढ करणारे फ्रान्झ ग्राइटर ऑस्ट्रियाचे. १९३८ साली आल्प्समधलं पिझ बुइन शिखर चढताना भाजून निघाले आणि या उद्योगाला लागले, असं सांगतात. गोऱ्या कातडीचं ते दुखणं. आपली त्वचा त्यामानाने कमी भाजते, पण पटकन रापते. डाग धरला की महिनोन्‌महिने सोडत नाही. त्यात यूव्हीएचा मोठा हात. यूव्हीबी खिडकीच्या काचेत बहुतेक अडतो, यूव्हीए बराचसा आत येतो. म्हणून ट्यूबवर यूव्हीएपासूनचं संरक्षण सांगणाऱ्या ‘पीए’पुढे किती अधिक चिन्हं आहेत ते आधी बघावं. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतो, ५० सुमारे ९८. त्या एका टक्क्यासाठी जीव टाकण्यात अर्थ नाही.

वांग असेल तर आणखी एक भानगड. डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही तो गडद करतो आणि नेहमीची पांढरी क्रीमं त्याला फारशी अडवत नाहीत. त्यासाठी रंगीत सनस्क्रीन लागतं, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं. आपल्या गेरूला रंग देणारं तेच. (म्हणून कुंडीचा गेरू कुणी गालाला फासू नये!)

बाकी निवड सोपी. तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याला जेल, कोरड्याला क्रीम, चुरचुरणाऱ्या नाजूक त्वचेला झिंक ऑक्साइडचं, भस्म फासल्यासारखं दिसलं तरी. भेडाघाटला नावेत बसायचं किंवा घाम गाळायचा असेल, तर पाण्यात टिकणारं घ्यावं आणि दर दोन तासांनी, शिवाय अंग पुसल्यावर, पुन्हा लावावं.

पण आपण सगळे चुकतो ते मापात. प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून तो आकडा काढतात. निम्मंच लावलं तर संरक्षण बरंच घटतं. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं क्रीम लागतं.

मावशीने रंगीत ट्यूब घेतली. पहिली छटा हनुवटीवर पिठासारखी दिसली म्हणून दुसरी, गव्हाळ. घरी आल्यावर तर्जनी-मधल्या बोटावर दोन रेघा ओढून दाखवल्या, तर ती बघतच राहिली. “एवढं? मग ही ट्यूब महिनाभर तरी पुरेल का गं?”