आवाज आहे, चित्र नाही

माळा आवरायला काढला की एखाद्या खोक्यात तो हमखास सापडतो: नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम. प्लास्टिक पिवळं पडलेलं, दोन्ही रिमोटच्या वायरी एकमेकींत गुरफटलेल्या, आणि ‘९९९९ इन १’ असं छापलेली कॅसेट अजून खाचेत तशीच. मुलं हट्ट धरतात, अ‍ॅडाप्टर शोधला जातो, बटण दाबलं जातं. लाल दिवा लागतो. पडदा मात्र काळाच. ‘गेला वाटतं,’ असं कुणीतरी म्हणतं आणि डबा भंगारवाल्याच्या पोत्यात जातो.

हा निकाल फार घाईचा असतो. चित्र ही या यंत्राच्या कामातली सगळ्यात शेवटची पायरी. आधी वीज आत येते, ती ठरावीक दाबावर आणली जाते, क्रिस्टलचे ठोके सुरू होतात, कॅसेटमधला प्रोग्राम वाचला जातो, चित्र रचलं जातं, त्याच्या सिग्नलला बळ दिलं जातं आणि मग तो वायरीतून टीव्हीपर्यंत पोचतो. यातला कुठलाही दुवा निखळला तरी घरच्यांना दिसतो तो काळा पडदाच. आणि तो निखळलेला दुवा पुष्कळदा दहा-पंधरा रुपयांचा असतो.

भारतात त्या काळी ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी जे डबे घरोघर आले, ते निन्टेन्डोच्या फॅमिली कॉम्प्युटरचे, म्हणजे फॅमिकॉमचे भाऊबंद. मासायुकी उएमुरा यांच्या चमूने घडवलेला फॅमिकॉम जपानात १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आला, किंमत १४,८०० येन. पहिल्याच काही संचांत सर्किटचा दोष निघाला, माल परत मागवून नवे बोर्ड बसवावे लागले, आणि तरीही पुढे जगभरात त्याचे सहा कोटींहून अधिक नग खपले. तैवानच्या यूएमसी कंपनीने त्याच्या चिपांसारख्या चिपा बनवल्या, त्यांची पॅल पद्धतीच्या टीव्हीसाठीची आवृत्तीही काढली. रशियात गाजलेला ‘डेंडी’ याच घराण्यातला.

या घराण्याची रचना समजली की दुरुस्तीचा अर्धा रस्ता सरतो. आत दोन मुख्य आयसी असतात. एक खेळ चालवतो, दुसरा चित्र काढतो. दोघांच्या वाट्याला दोन-दोन केबी मेमरी, बस्स. बाकी सगळा माल कॅसेटमध्ये. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघा ४० केबीचा: त्यातले ३२ केबी प्रोग्रामचे, ८ केबी चित्रांचे. मोबाइलवरच्या दोन एमबीच्या एका फोटोत असे पन्नास मारिओ मावतील! मुद्दा असा, की चित्राचा आयसी मारिओची टोपी आणि विटांची भिंत थेट कॅसेटमधून वाचतो, खेळाचा आयसी त्याच कॅसेटमधून पण वेगळ्या पिनांवरून प्रोग्राम वाचतो. म्हणून जाणता कारागीर पडद्याकडे नीट बघतो. संगीत व्यवस्थित वाजतंय पण चित्राच्या जागी अक्षरांची भेळ झाली आहे, तर चित्राच्या पिना नीट टेकत नाहीत. पडदा एकाच रंगाने भरलाय आणि पुढे काहीच घडत नाही, तर प्रोग्रामच सुरू झालेला नाही. अँटेनाच्या वायरीवर चालणारा डबा असेल आणि बटण दाबताच टीव्हीवरच्या मुंग्या नाहीशा होऊन पडदा शांत काळा होत असेल, तर ती आशेची खूण आहे. सिग्नल बाहेर पाठवणारी पत्र्याची डबी जिवंत आहे.

कॅसेटवर फुंकर मारणं हा त्या पिढीचा सार्वत्रिक इलाज. तो लागू पडायचा, यात शंका नाही. पण गुण फुंकरीचा नव्हता, कॅसेट काढून पुन्हा बसवण्याचा होता. त्या हालचालीत पिना घासल्या जातात आणि नव्या जागी टेकतात. फुंकरीतली वाफ मात्र तांब्याला हिरवा गंज चढवते, आणि निन्टेन्डोनेही फुंकू नका असंच बजावलं आहे. इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कॅसेटच्या सोनेरी पट्ट्या पुसाव्यात. पहिला बड काळाकुट्ट निघतो, दुसरा करडा, तिसऱ्या-चौथ्याला पांढरा राहतो. एवढ्यानेच चित्र आलेले डबे थोडे नाहीत.

अमेरिकेतल्या मुलांचा त्रास याहून वेगळा होता. तिथे १९८५ मध्ये आलेल्या फॅमिकॉमच्या अमेरिकी आवृत्तीत, म्हणजे एनईएसमध्ये, कॅसेट व्हीसीआरसारखी समोरून आत सरकवून खाली दाबावी लागे. ७२ पिनांचा तो जोड वापरून सैल पडायचा. शिवाय आत एक पहारेकरी चिप होती. कॅसेटमधल्या जोडीदार चिपेशी तिचं बोलणं जुळलं नाही, तर ती दर सेकंदाला यंत्र पुन्हा सुरू करायची. लाल दिवा लुकलुकत राहायचा, चित्र काही ठरायचं नाही. पुढे लोकांनी त्या चिपेचा चौथा पाय उचलून पहाराच बंद केला. आपल्याकडच्या डब्यांत ही भानगड नव्हती.

कॅसेट स्वच्छ करूनही काही होत नसेल, तर स्क्रू काढायचे. इथे भीतीचं कारण नाही. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो, तो अनुभव नसलेल्याने कधीच उघडू नये. गेमच्या डब्यात मात्र अ‍ॅडाप्टरमधून नऊ-दहा व्होल्टच येतात. शिकायला यापेक्षा सुरक्षित यंत्र क्वचितच मिळेल.

मल्टीमीटरची पहिली टोकं तीन पायांच्या एका काळ्या तुकड्यावर लागतात. त्यावर ७८०५ असा आकडा असतो. आत नऊ व्होल्ट, बाहेर पाच, मधले चार उष्णता होऊन जातात. म्हणूनच त्याच्या पाठीला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते. बाहेर पाचच्या जागी दोन-अडीच व्होल्ट दिसले, तर दिवा मंद लागेल, पण आयसी कामाला लागणार नाहीत. दोष नेहमी या तुकड्याचाच असतो असं नाही. अ‍ॅडाप्टर थकला असेल, तर या तुकड्यालाच पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. त्यात दुसराच अ‍ॅडाप्टर हाताला लागला म्हणून जोडलेला असतो: फॅमिकॉमला पिनेच्या आतल्या बाजूला ऋण टोक लागतं, आजचे बहुतेक अ‍ॅडाप्टर नेमके उलटे. डब्यावरची खूण न बघता पिन खुपसणं हे कितीतरी चांगल्या यंत्रांच्या मरणाचं कारण ठरलं आहे.

पाच व्होल्ट मिळाले, संगीतही ऐकू येतंय, तर उरतो तो चित्राचा शेवटचा टप्पा. आवाजाची वाट वेगळी असते. आयसीतून निघणारं चित्र अशक्त असतं, एक छोटा ट्रान्झिस्टर त्याला टीव्हीपर्यंत जाण्याचं बळ देतो. ऑसिलोस्कोप नसलेल्या कारागिरांची इथे एक सुंदर युक्ती आहे. टीव्हीचा आवाज कमी करून चित्राची पिवळी पिन आवाजाच्या भोकात लावायची. ‘घर्रर्र’ असं ऐकू आलं, की चित्र तिथवर पोचलं आहे. ती घरघर म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा रंगवला जाणारा पडदाच, कानाने ऐकलेला. एक वायर घेऊन हीच परीक्षा ट्रान्झिस्टरच्या आधी आणि नंतर केली, की दोष कुठे आहे ते कळतं. बऱ्याचदा तो पिवळ्या सॉकेटच्या बुडाशीच असतो. वर्षानुवर्षं पिन ओढून तिथला डाग सुटलेला असतो, भोवती केसासारखी गोल चीर दिसते. ड्राय सोल्डर म्हणतात तो हाच. त्याला आयर्न टेकवून थोडं नवं सोल्डर दिलं, की काम दोन मिनिटांचं.

कपॅसिटरचं दुखणं वेगळ्या जातीचं. सेगाचा १९९० सालचा हातात धरायचा गेम गिअर त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. त्यातले मण्याएवढे कपॅसिटर कालांतराने गळतात, आतलं द्रव बोर्डवर पसरून तांबं खातं. चित्र इतकं फिकट होतं, की यंत्र तिरकं धरलं तरच सावली दिसते. गळलेल्या जागी आयर्न टेकवलं की सुकटीसारखा वास येतो. तिथे सगळे कपॅसिटर बदलावेच लागतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे भाग आजही सहज मिळतात.

कधीकधी मात्र डबा धडधाकट असतो आणि अडतो तो नवा टीव्ही. जुन्या पडद्यावर चित्र दोन हप्त्यांत, एकाआड एक ओळींनी रंगवण्याची पद्धत होती. हे गेम त्यातली एक पायरी गाळून दर वेळी त्याच ओळी पाठवतात. ट्यूबला ते चालून जायचं, काही सपाट टीव्ही असा सिग्नल ओळखतच नाहीत. निदान पक्कं करण्याआधी शेजारच्या जुन्या टीव्हीवर एकदा लावून बघावं.

शेवटी एक अडचण अशी आहे, जिच्यापुढे उपाय थकतात. पुढच्या काळात स्वस्ताईसाठी दोन्ही आयसी एकाच चिपेत घालून वर काळ्या राळेचा ठिपका टाकण्यात आला. त्याला पाय नाहीत, त्यावर आकडा नाही. तो जळला तर दुसऱ्या डब्यातलं बोर्ड शोधायचं. जुना, सुट्या आयसींचा डबा हाती असेल, तर तो म्हणूनच जपायला हवा.

दुरुस्त झालेला डबा लगेच बंद करायचा नसतो. झाकण उघडंच ठेवून अर्धा तास खेळ चालू द्यायचा, कारण काही दोष यंत्र तापल्यावरच डोकं वर काढतात. ७८०५ जवळ बोट नेऊन धग बघायची, सॉकेटमधली पिन हलक्या हाताने हलवून चित्र थरथरतं का ते पाहायचं. तोवर रिमोट कुणातरी मुलाच्या हातात गेलेला असतो. स्क्रू त्याची पहिली पातळी संपल्यावर.